ट्रेलर ओढण्यासाठी हेवी-ड्यूटी पिकअप: टेक्सासमध्ये परवाना, नोंदणी आणि कागदपत्रं

डीलरकडे फोर्ड एफ-२५० किंवा शेव्हरले सिल्व्हराडो २५०० समोर उभं राहिलात की पहिल्यांदा ऐकवला जातो तो ओढण्याच्या क्षमतेचा आकडा. अमुक हजार पौंड, तमुक हजार पौंड. परवाना देणारं खातं, नोंदणी करणारं काउंटी कार्यालय आणि कर खातं यांना मात्र त्या आकड्याशी काही देणंघेणं नसतं. हे तिघं बघतात ते वजन. त्यातही सगळ्यांत जास्त कामाचा आकडा म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर: गाडी, तिच्यातली माणसं, सामान आणि हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या कडीवर, पडणारा भार मिळून कारखान्याने ठरवून दिलेली कमाल वजनमर्यादा. ट्रकच्या बाबतीत ती ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर छापलेली असते, ट्रेलरच्या बाबतीत डाव्या अंगाला, पुढच्या अर्ध्या भागात.

म्हणून माझा सल्ला बाजारातल्या रीतीच्या उलटा आहे. आधी ट्रेलर ठरवा, मग परवान्याचा वर्ग बघा आणि ट्रक सगळ्यांत शेवटी घ्या.

नियम राज्यागणिक बदलतात. इथे टेक्सासचे नियम धरले आहेत, आणि वापर निव्वळ घरगुती: सुट्टीत कॅम्पिंगचा ट्रेलर, बोट, फार तर स्वतःच्या घरसामानाची ने-आण. पैसे घेऊन दुसऱ्याचा माल वाहणार असाल तर तो व्यावसायिक वापर होतो. त्याचे नियम वेगळे आहेत आणि ते इथे घेतलेले नाहीत.

कोणता परवाना लागतो

टेक्सासमध्ये वाहन चालवण्याचा परवाना डीपीएस हे खातं देतं. गाडीची नोंदणी आणि टायटल, म्हणजे मालकीचा दाखला, टीएक्सडीएमव्ही या वाहन खात्याच्या अखत्यारीत येतं आणि ते काम काउंटीच्या टॅक्स कार्यालयात होतं. दोन्ही एकाच खिडकीवर होईल अशा समजुतीने जाणारे हात हलवत परत येतात.

रोजची कार चालवायला आपल्याकडे असतो तो वर्ग सी परवाना. ट्रकची आणि ट्रेलरची वजनमर्यादा मिळून २६,००१ पौंडांच्या आत असेल तर तोच पुरतो. बेरीज २६,००१ किंवा त्याहून जास्त झाली आणि त्यात एकट्या ट्रेलरची मर्यादा १०,००० च्या वर असेल, तर वर्ग ए लागतो. मात्र हा वर्ग ए बिगर-व्यावसायिक असतो. मोठे ट्रक चालवणाऱ्यांना लागतो त्या सीडीएलची, म्हणजे व्यावसायिक परवान्याची, गरज घरगुती वापराच्या आरव्हीला (राहण्याची सोय असलेल्या गाडीला किंवा ट्रेलरला) नाही. ‘इतका मोठा ट्रेलर म्हणजे सीडीएल काढावाच लागेल’ हे ऐकून घाबरून जाऊ नका. आणि ‘आरव्ही आहे, कसलाच वेगळा परवाना लागत नाही’ यावरही विसंबू नका. दोन्ही ऐकीव गोष्टी आहेत.

उदाहरणं घेऊ. १०,००० पौंडांचा ट्रक आणि ९,००० पौंडांचा ट्रॅव्हल ट्रेलर: बेरीज १९,०००, वर्ग सी पुरेसा. ११,५०० चा ट्रक आणि १४,९०० चा फिफ्थ-व्हील, म्हणजे मागच्या कडीऐवजी ट्रकच्या हौद्यात जोडला जाणारा ट्रेलर: बेरीज २६,४००, वर्ग ए. मागे चार चाकं असलेली १४,००० ची ड्युअली आणि १६,००० चा फिफ्थ-व्हील: ३०,०००, अर्थातच वर्ग ए. ट्रेलर त्या दिवशी रिकामा होता, ही सबब इथे चालत नाही, कारण हिशोब स्टिकरवरच्या मर्यादेचा होतो.

वर्ग ए साठी लेखी परीक्षा आणि प्रत्यक्ष वाहन चालवण्याची चाचणी असते, आणि चाचणीला त्या वर्गात बसणारी जोडी, म्हणजे ट्रक आणि ट्रेलर, आपणच न्यायची असते. दोन्हींची नोंदणी आणि विमा चालू हवा. परवाना हातात नसताना ही जोडी चाचणीच्या ठिकाणी नेताना शेजारी त्या वर्गाचा परवाना असलेला चालक बसलेला असावा लागतो. ओळखीत असा कोणी आहे का, हे ट्रेलर घेण्याआधीच बघून ठेवलेलं बरं.

एच-१बी किंवा तत्सम व्हिसावर असणाऱ्यांना टेक्सासमध्ये मर्यादित मुदतीचा परवाना मिळतो, मुक्कामाची परवानगी जेवढी तेवढाच. कागदपत्रांची पडताळणी केंद्र सरकारच्या ‘सेव्ह’ प्रणालीतून होते, आणि ती कधी लगेच होते, कधी काही दिवस घेते. आय-७९७ ची, म्हणजे व्हिसाच्या मंजुरीपत्राची, मुदत संपत आली असेल तर आधी ती वाढवून घ्या, मग परीक्षेची वेळ ठरवा.

ट्रक किती मोठा: खरी अडचण पेलोडची

परवान्याचं गणित बघून कोणालाही वाटेल की १०,००० पौंड मर्यादेचा ट्रक घेतला की बेरीज आटोक्यात राहील. डीलरकडे तसे ट्रक मिळतातही. काही मॉडेल कागदावर मुद्दाम १०,००० वर बसवून विकली जातात, कारण त्यापुढे नोंदणी महागते. पण कागदावरची मर्यादा कमी झाली की ट्रकमध्ये भरता येणारं वजन, म्हणजे पेलोड, तेवढंच कमी होतं. डिझेल इंजिन, चार दारं, फोर-व्हील ड्राइव्ह आणि वरच्या श्रेणीच्या सजावटीसह असा ट्रक रिकामाच पावणेआठ-आठ हजार पौंड भरतो. उरतात दोन हजार किंवा थोडे जास्त.

आता वरचाच १४,९०० चा फिफ्थ-व्हील या ट्रकला लावून बघा. फिफ्थ-व्हीलच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा ट्रकच्या हौद्यात उतरतो, म्हणजे २,९८० पौंड. माणसं बसायच्या आधीच ट्रक मर्यादेबाहेर. जाहिरातीतल्या ओढण्याच्या क्षमतेत हा ट्रेलर आरामात बसत असेल, आणि तरीही. ती क्षमता एसएई जे२८०७ या प्रमाणाने मोजतात, आणि त्यात ट्रकमध्ये प्रत्येकी १५० पौंडांची दोनच माणसं धरलेली असतात. आजी-आजोबा, दोन मुलं, बर्फाची पेटी, सायकली हे त्यात कुठेच नाही.

ट्रॅव्हल ट्रेलरचं जरा सोपं असतं. त्याच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर येतो. ९,००० पौंडांच्या ट्रेलरचा साधारण ११०० धरा, हिचचे १००, चौघांच्या कुटुंबाचे ६००, सामानाचे ३००. झाले २,१००. एफ-१५० किंवा सिल्व्हराडो १५०० सारख्या अर्ध्या टनाच्या बहुतेक ट्रकांना हे जड जातं. एफ-२५० किंवा सिल्व्हराडो २५०० सारखा पाऊण टनाचा पेट्रोल इंजिनाचा ट्रक मात्र हे सहज पेलतो आणि डिझेलपेक्षा हजारो डॉलरने स्वस्त पडतो. डिझेलची हौस सगळ्यांनाच असते, पण पेट्रोल इंजिन हलकं असल्यामुळे पेलोड वाढतो, ही गोष्ट विक्रेता आपणहून सांगत नाही.

पेलोडचा आकडा दाराच्या चौकटीवरच्या टायरच्या स्टिकरवर मिळतो: माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त नको, अशा शब्दांत. हे स्टिकर १०,००० पौंडांपर्यंतच्या गाड्यांनाच सक्तीचं आहे. त्यावरच्या ट्रकवर नसेल तर डिझेल-पेट्रोलची टाकी भरून ट्रक स्टॉपवरच्या कॅट काट्यावर (ट्रक तोलायच्या वजनकाट्यावर) वजन करा आणि ते मर्यादेतून वजा करा. जुना ट्रक घेत असाल तर हे सौद्याआधीच करायला सांगा. विकणारा खरा असेल तर नाही म्हणणार नाही. आणि नव्या ट्रकच्या खिडकीवर मायलेजचा आकडा सापडला नाही तर गोंधळू नका. ८,५०० पौंडांवरच्या गाड्यांना तो लावावाच लागत नाही.

नोंदणी आणि टायटल

नवा ट्रक डीलरकडून घेतला की टायटल आणि नोंदणीचे कागद डीलरच काउंटीकडे पाठवतो. तुम्ही सही करता तो फॉर्म १३०-यू. १ जुलै २०२५ पासून टेक्सासमध्ये कागदी तात्पुरत्या पाट्या बंद झाल्या आहेत, डीलरकडूनच धातूची नंबरप्लेट मिळते. विक्री कर ६.२५ टक्के. जुनी गाडी डीलरला दिलीत तर तिची किंमत वजा करून उरलेल्यावरच कर बसतो, त्यामुळे ती वेगळी विकून खरंच फायदा होतो का, हे कर धरून मोजा. कर्जाने घेतलात तर टायटलवर बँकेचा बोजा चढतो आणि तो फिटल्यावरच उतरतो. काही बँका व्हिसाच्या उरलेल्या मुदतीएवढंच कर्ज देतात, म्हणून दोन-तीन ठिकाणी, त्यातही क्रेडिट युनियनमध्ये, विचारून मगच डीलरच्या फायनान्सच्या खोलीत शिरा.

खासगी व्यक्तीकडून ट्रक घेतलात तर सगळं तुमच्यावर. ३० दिवसांत टायटल आपल्या नावावर करून घ्यायचं. काउंटी टॅक्स कार्यालयात नेण्याची कागदपत्रं अशी:

- विकणाऱ्याने मागच्या बाजूला सही केलेलं मूळ टायटल. त्यावर बोजा दिसत असेल तर तो फिटल्याचं बँकेचं पत्र
- दोघांच्या सह्यांचा फॉर्म १३०-यू, त्यात विक्रीची किंमत भरलेली
- मुदतीतलं फोटो ओळखपत्र. व्हिसावर असाल तर पासपोर्ट आणि आय-९४ (देशात आल्याची नोंद) जवळ असू द्या
- तुमच्या नावावरच्या विम्याचा पुरावा
- कर आणि शुल्काचे पैसे

विक्रेत्याला सोबत घेऊन कार्यालयात जाणं सगळ्यांत सुरक्षित. सहीत खाडाखोड, चुकलेली तारीख, अर्धवट पत्ता यांवर टायटल अडकतं, आणि मग विकणाऱ्याला फोन करत बसावं लागतं. किंमत कमी दाखवून कर वाचवायची युक्ती इथे फारशी चालत नाही. खासगी सौद्यात दाखवलेली किंमत आणि राज्याने ठरवलेल्या प्रमाण किमतीचे ८० टक्के, यांतली जी जास्त असेल तिच्यावर कर आकारतात.

वार्षिक नोंदणीचं मूळ शुल्क ६,००१ ते १०,००० पौंडांसाठी ५४ डॉलर, १०,००१ ते १८,००० साठी ११० डॉलर, वर काउंटीची लहानसहान शुल्कं. फरक ५६ डॉलरचा. तेवढ्यासाठी पेलोड गमावू नका.

बिगर-व्यावसायिक गाड्यांची सुरक्षा तपासणी १ जानेवारी २०२५ पासून बंद झाली, पण तिच्या जागी साडेसात डॉलरचं शुल्क नोंदणीतच घेतलं जातं. हॅरिस, फोर्ट बेंड, डॅलस, कॉलिन, ट्रॅव्हिस अशा मोठ्या शहरांच्या काउंट्यांत धुराची तपासणी चालू आहे. ती पेट्रोल गाड्यांची असते, डिझेल ट्रकला लागत नाही.

दुसऱ्या राज्यातून ट्रक घेऊन टेक्सासला राहायला येत असाल तर ३० दिवसांत नोंदणी आणि ९० दिवसांत परवाना बदलायचा. ट्रक आधीच्या राज्यात तुमच्याच नावावर असेल तर पूर्ण विक्री कराऐवजी ९० डॉलरचा नवरहिवासी कर बसतो.

ट्रेलरचेही कागद असतात

ट्रॅव्हल ट्रेलरला वजन काहीही असो, टायटल लागतंच. इतर ट्रेलरना एकूण वजन ४,००० पौंडांच्या वर गेलं की लागतं. ४,५०० च्या वर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत, आणि ते चालवायला ट्रकमध्ये ब्रेक कंट्रोलर हवा. कारखान्यातूनच बसवलेला घ्या, नंतर बसवण्याची कटकट नको.

टेक्सासमध्ये किमान विमा ३०/६०/२५ असा सांगतात: एका व्यक्तीच्या इजेसाठी ३०,००० डॉलर, एका अपघातासाठी ६०,०००, मालमत्तेसाठी २५,०००. एवढ्या वजनाची जोडी घेऊन हायवेवर जाताना हे किमान फारच तोकडं आहे. ट्रकचा दायित्व विमा सहसा ओढल्या जाणाऱ्या ट्रेलरलाही लागू होतो, पण ट्रेलरचं स्वतःचं नुकसान त्यात येत नाही. त्यासाठी वेगळी पॉलिसी घ्यावी लागते.

व्याजाची वजावट

२०२५ ते २०२८ या करवर्षांत नव्या गाडीच्या कर्जावरचं व्याज वर्षाला १०,००० डॉलरपर्यंत वजा करता येतं. अटी नीट वाचा. गाडी नवी आणि घरगुती वापराची हवी, कर्ज ३१ डिसेंबर २०२४ नंतरचं हवं, अंतिम जुळणी अमेरिकेत झालेली हवी आणि वजनमर्यादा १४,००० पौंडांपेक्षा कमी. ‘पेक्षा कमी’ हे शब्द महत्त्वाचे: बरोबर १४,००० ची ड्युअली यात बसत नाही. राम २५०० आणि ३५०० मेक्सिकोतल्या साल्तियोला जुळतात, म्हणून त्याही नाहीत. सिल्व्हराडो एचडी मिशिगनमधल्या फ्लिंटला आणि कॅनडातल्या ओशावालाही जुळते, तेव्हा एकाच मॉडेलचे दोन ट्रक शेजारी उभे असतील आणि एकच पात्र असेल असं होऊ शकतं. व्हीआयएनचा, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाचा, पहिला अंक बघा, २ म्हणजे कॅनडा, ३ म्हणजे मेक्सिको. हा व्हीआयएन विवरणपत्रातही भरावा लागतो.

उत्पन्न एकट्याचं एक लाख, जोडप्याचं दोन लाख डॉलरच्या वर गेलं की दर हजारामागे २०० डॉलरने वजावट घटते. दोघंही आयटीत असाल तर बहुधा ही सवलत तुमच्यासाठी नाहीच. ट्रेलरच्या कर्जाला ती मिळत नाही, पण ट्रेलरमध्ये झोपण्याची, स्वयंपाकाची आणि शौचालयाची सोय असेल आणि कर्ज त्याच ट्रेलरवर तारण असेल, तर तो दुसरं घर म्हणून गृहकर्जाच्या व्याजाच्या वजावटीत बसू शकतो. आणि ‘सहा हजार पौंडांवरचा ट्रक घ्या, सगळी किंमत टॅक्समधून सुटते’ असं कोणी पार्टीत सांगितलं तर ती सवलत धंद्याच्या वापरासाठी आहे, शनिवार-रविवारच्या कॅम्पिंगसाठी नाही.

कॅलिफोर्नियातल्या वाचकांनी एवढं बघावं: तिथे ट्रकसह बेरीज कितीही असो, ट्रेलरचीच मर्यादा १०,००० पौंडांच्या वर गेली की साधा वर्ग सी परवाना पुरत नाही. फिफ्थ-व्हीलला १५,००० पर्यंत परवान्यावर वेगळी नोंद करून घेता येते, त्यापुढे बिगर-व्यावसायिक वर्ग ए आणि आरोग्याची प्रश्नावली. आणि टेक्सासहून तिकडे फिरायला गेलात तर ट्रेलर मागे असताना वेगमर्यादा ताशी ५५ मैल आहे, पाटीवर कारसाठी ७० लिहिलेलं असलं तरी.