व्हाइट माउंटन शिखरमार्ग

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॅलिफोर्निया राज्याच्या पूर्व सीमेजवळ, ग्रेट बेसिन वाळवंटाच्या पश्चिम कडेला असलेल्या व्हाइट माउंटन शिखरावर जाणारा कच्चा रस्ता. ग्रॅव्हल सायकलिंग, म्हणजे रुंद टायरच्या, पण वळणदार हँडल असलेल्या सायकलीने खडी-मुरुमाच्या रस्त्यांवरून केलेला दीर्घ प्रवास, या प्रकारात वाळवंटी पर्वतांच्या मार्गांना वेगळे स्थान आहे. हा त्यांपैकी सर्वांत उंच चढणाऱ्या मार्गांत मोडतो. वाळवंटातील उंच रस्ते बहुधा खिंड ओलांडून पलीकडे उतरतात. हा मात्र थेट माथ्यावर जाऊन संपतो.

शिखराची उंची हल्ली 4,344 मी. (14,252 फूट) अशी दिली जाते. जुन्या नकाशांवर आणि त्यांच्या आधारे लिहिलेल्या मार्गदर्शिकांत 14,246 फूट हा आकडा आढळतो. हा फरक शिखर वाढल्यामुळे पडलेला नाही. उंची ज्या आधारपातळीपासून मोजतात ती पातळी 1929 च्या पद्धतीऐवजी 1988 च्या पद्धतीने धरली जाऊ लागल्याने तो मुख्यतः पडला. दोन्ही आकडे एकाच लेखात शेजारीशेजारी सापडतात आणि वाचक गोंधळतो; या नोंदीत नवा आकडा घेतला आहे. कोणताही धरला तरी राज्यातील उंचीक्रम बदलत नाही. व्हिटनी व विल्यमसन यांच्यामागोमाग हे तिसरे शिखर ठरते, पण ती दोन्ही सिएरा नेव्हाडात आहेत. सिएरा नेव्हाडाची रांग पॅसिफिककडून येणारी बाष्पाची हवा अडवते, त्यामुळे ओवेन्स खोऱ्यापलीकडचे हे पर्वत पर्जन्यछायेत पडतात. तीन हजार मीटर उंचीवरही वर्षाला साधारण 30 सेंमी. पाऊस होतो, आणि त्यातला बराच हिमरूपात पडतो.

रस्ता सायकलींसाठी झालेला नाही, पर्यटकांसाठीही नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी नौदलाला उंचीवरील चाचण्यांसाठी जागा हवी होती, आणि कॅलिफोर्निया विद्यापीठातील शरीरक्रियाशास्त्रज्ञ नेलो पेस यांना विरळ हवेत माणसाचे व प्राण्यांचे शरीर कसे वागते ते पाहायचे होते. 1950 च्या सुमारास या दोन गरजा जुळल्या आणि सु. 3,800 मी. उंचीवर बारक्रॉफ्ट प्रयोगशाळा उभी राहिली. पेरूतील सेरो दे पास्को येथे 1921-22 मध्ये अशाच अभ्यासाची मोहीम नेणारे ब्रिटिश शास्त्रज्ञ जोसेफ बारक्रॉफ्ट यांचे नाव तिला दिले आहे. त्याच दशकात माथ्यावर दगडी खोली बांधली गेली. तिचे सामान वर नेण्यासाठी जी वाट काढली, तीच आजचा शिखरमार्ग होय. या रस्त्याचा चढ व त्याची वळणे ट्रकच्या हिशेबाने बेतलेली आहेत, सायकलस्वाराच्या दमाच्या हिशेबाने नाहीत, हे वर गेल्यावर लगेच ध्यानात येते.

पूर्ण चढाई बिग पाइन या गावापासून (सु. 1,215 मी.) सुरू होते. डांबरी रस्ता वेस्टगार्ड खिंडीच्या अलीकडे उत्तरेकडे वळतो आणि शुल्मन ग्रोव्हपर्यंत (सु. 3,050 मी.) जातो. वृक्षवलयांचे अभ्यासक एडमंड शुल्मन यांनी 1957 मध्ये ज्यांतील एकाचे वय साडेचार हजार वर्षांहून अधिक ठरवले, ती ब्रिसलकोन पाइनची झाडे याच परिसरात आहेत. येथे डांबर संपते. पुढे सु. 26 किमी. खडीचा रस्ता बंद फाटकापर्यंत (सु. 3,560 मी.) नेतो, आणि तेथून सु. 11 किमी. वर शिखर. डोलोमाइटच्या पांढुरक्या पट्ट्यांत दुपारी डोळे दिपतात. त्या खडकाचे बारीक पीठ साखळीला चिकटते आणि तेलाबरोबर त्याची लेई होते. फाटकापलीकडे झाडे नाहीत. बारक्रॉफ्टच्या आसपास मार्मॉट हे खारीच्या कुळातले जाडजूड प्राणी दगडांवर ऊन खात पडलेले दिसतात. वेधशाळेच्या घुमटानंतर पठार लागते, समोर काळपट-तांबूस शिखर दिसू लागते आणि रस्ता, चढायचे सोडून, आधी खाली उतरतो. मिळवलेली उंची अशी गमावून मग शेवटची वळणे सुरू होतात. सुट्या धोंड्यांमुळे तेथे अनेकजण सायकल ढकलतात, आणि त्यात कमीपणा मानला जात नाही. बिग पाइनपासून निव्वळ चढ 3,100 मीटरांहून अधिक होतो.

माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सु. 60 टक्के असतो. विरळ हवेने वाऱ्याचा विरोध घटतो खरा, पण ताशी सहा-सात किमी. वेगाने चढणाऱ्याला त्याचा काहीही उपयोग नाही. टायरच्या बाबतीत एक गैरसमज रूढ आहे : बाहेरचा दाब कमी झाल्याने टायर वर धोकादायकरीत्या फुगतात, म्हणून हवा सोडत जावी असे सांगितले जाते. गणित तसे सांगत नाही. बिग पाइनला 35° से. तापमानात 30 पौंड दाब भरला आणि माथ्यावर 10° से. तापमान असले, तर बाहेरच्या दाबातील घटीने मापकावरचा आकडा चार पौंडांनी वाढायला हवा. मात्र आतली हवा थंड होऊन आकसते आणि ती वाढ जवळजवळ खाऊन टाकते. उरलेला फरक पौंडभराच्या आत असतो. वर हवा कमी करावी ती धोंड्यांवर पकड मिळावी म्हणून. 40 ते 50 मिमी. रुंद, ट्यूबविरहित टायर वापरण्याचे कारणही तेच.

फाटकाखालच्या टप्प्यात मोटारी येतात, आणि त्यामुळे पन्हाळी पत्र्यासारखे आडवे उंचवटे पडतात. सायकलस्वार त्यांना ‘वॉशबोर्ड’ म्हणतात. मोटारींच्या स्प्रिंगा ठरावीक लयीत उसळतात म्हणून हे उंचवटे पडतात, असे पूर्वीचे स्पष्टीकरण होते. टाबर्ले, मॉरिस व मॅकएल्वेन यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, वाळूच्या फिरत्या थरावर स्प्रिंग नसलेले साधे चाक ठेवूनही ते उमटले. विशिष्ट वेगाच्या खाली थर सपाट राहतो आणि तो वेग ओलांडताच लाटा उठतात, असे त्यांना आढळले. स्प्रिंगांचा परिणाम लाटांच्या आकारावर होत असेल, पण मूळ कारण म्हणून ते स्पष्टीकरण आता टिकत नाही. चढणाऱ्या सायकलीचा भार व वेग पाहता हे उंचवटे तिने पाडलेले नसतात, त्रास मात्र तिलाच होतो. उतरताना रस्त्याची अगदी कड धरणे हा एकच उपाय सर्रास सांगितला जातो.

सायकलीला येथे परवानगी कशी, हा प्रश्न कायद्याचा आहे. 1964 च्या वन्यप्रदेश कायद्याने संरक्षित क्षेत्रांत ‘यांत्रिक वाहतूक’ बंद केली. वनखात्याच्या 1966 च्या नियमात तिची व्याख्या निर्जीव शक्तीवर चालणारी वाहतूक अशी होती, आणि माणसाच्या पायांवर चालणारी सायकल तीत बसत नव्हती. 1984 पर्यंत खात्याने नियम बदलून सायकल स्पष्टपणे वर्ज्य केली. मूळ कायदा करणाऱ्यांच्या मनात सायकल नव्हतीच, असे सायकलवाल्यांच्या संघटना म्हणतात. शांतता व एकांत हा कायद्याचा हेतू असल्याने 1984 चा अर्थच योग्य, असे विरोधकांचे म्हणणे आहे. 1966 ची व्याख्या कायद्यानंतर दोनच वर्षांनी झालेली असल्याने पहिल्या मताला अधिक वजन द्यावेसे वाटते, पण व्यवहारात दुसरे चालते. या पर्वतांना 2009 मध्ये संरक्षित दर्जा मिळाला तेव्हा शिखरमार्ग त्या हद्दीबाहेर ठेवला गेला, म्हणून फाटकावरून सायकल उचलून नेणे वैध आहे. प्रयोगशाळेचा ट्रकरस्ता नसता, तर ही सवलतही उरली नसती.

उंच रस्त्यांच्या याद्यांत या मार्गाची गल्लत इतर प्रकारांशी होते. कोलोराडोतील पाइक्स पीकचा रस्ता माथ्यापर्यंत (4,302 मी.) जातो, पण 2011 पासून तो पूर्ण डांबरी आहे. लडाखच्या शीत वाळवंटातील रस्ते बरेच उंच असले तरी ते खिंडींचे आहेत. मनाली-लेह करून पुढे खारदुंग ला गाठणाऱ्या पुण्या-मुंबईच्या सायकलस्वारांनी तेथील जुन्या पाटीवर 18,380 फूट हा आकडा पाहिलेला असतो. आधुनिक मोजणीत ती खिंड सु. 5,359 मी., म्हणजे 17,582 फूट भरते. एवढे वजा करूनही ती व्हाइट माउंटनपेक्षा हजार मीटरनी उंचच राहते.

मार्ग साधारण जुलै ते सप्टेंबर मोकळा असतो. वाटेत पाणी मिळेल असे धरून चालू नये. सगळे बिग पाइन किंवा बिशप या गावांतून भरून न्यावे लागते. उन्हाळ्यात दुपारनंतर गडगडाटी वादळे होतात आणि फाटकापलीकडे आडोसा नाही, त्यामुळे दुपारपूर्वी माथा सोडण्याचा प्रघात आहे. पूर्वापार ऑगस्टच्या सुरुवातीला एक दिवस प्रयोगशाळा लोकांना पाहण्यासाठी खुली ठेवली जाते. त्या दिवशी बारक्रॉफ्टपर्यंत मोटारींना सोडतात, आणि धुळीमुळे सायकलस्वार नेमका तो दिवस टाळतात.