सागाचा कूप आणि जमिनीलगतचे जंगल

गडचिरोली-चंद्रपूरच्या सागवनात जानेवारीत झाडांखाली पाहण्यासारखे फारसे काही नसते. वाळके गवत, सागाच्या पानांचा थर, मधूनमधून मुरुडशेंगेची काटक झुडपे. त्याच जागी जुलैच्या मध्याला काळ्या मुसळीची पिवळी फुले जमिनीला टेकून उमललेली दिसतात. सफेद मुसळीचे तुरे, रानहळदीची रुंद पाने, शतावरीचे कोंब आणि हबेनारिया गटातल्या जमिनीवर वाढणाऱ्या आमरीही (ऑर्किड) याच दिवसांत वर येतात. यातल्या बहुतेक वनस्पती वर्षातले सात-आठ महिने फक्त कंद, गड्डे आणि मुळ्यांच्या रूपात जमिनीत असतात.

सागाची तोड चालते ती नेमकी या महिन्यांत, साधारण नोव्हेंबर ते मार्च. त्यामुळे तोडीत ज्यांचे नुकसान व्हायचे ते तेव्हा डोळ्यांना दिसतच नाहीत. कूप, म्हणजे त्या वर्षी तोडायचा जंगलाचा तुकडा, आखताना झाडांचे मार्किंग होते, घेर मोजला जातो, हातोड्याचा ठसा पडतो. जमिनीखालच्या जंगलाची नोंद कुठेच होत नाही. आणि कोरड्या पानगळी वनात झाडांखालची विविधता किती टिकणार, हे किती झाडे तोडली यावर जेवढे ठरते त्याहून जास्त लाकूड जमिनीवरून कसे नेले, फांद्यांचे काय केले आणि नंतर ‘साफसफाई’ किती केली यावर ठरते.

आधी उजेडाचे पाहू. झाड पडले, उजेड आला, म्हणून खालच्या वनस्पती बदलल्या, हा सरळ हिशेब सदाहरित जंगलात चालतो. साग मात्र जानेवारीपासून पाने गाळू लागतो आणि जून येईपर्यंत बराच काळ उघडाच असतो. तेव्हा जमिनीवर एरवीही कडक ऊन पडत असते. झाड गेल्याचा खरा फरक पडतो तो जुलै ते ऑक्टोबर या वाढीच्या चार महिन्यांत. निवडक तोडीत कार्य आयोजनेने (वनविभागाच्या तोडीच्या आराखड्याने) ठरवलेल्या घेराच्या वरची झाडे काढतात. घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे 1.37 मीटरवर मोजतात. 20 मीटर उंचीच्या सागाचा डेरा सहा-सात मीटर रुंद धरला तर एका झाडाने आभाळात पडणारे भोक 30 ते 40 चौरस मीटरचे. भोकाची रुंदी आजूबाजूच्या झाडांच्या उंचीपेक्षा बरीच कमी असली की पावसाळ्यात आत येतो तो मुख्यतः विखुरलेला उजेड. मुसळी, रानहळद यांना तो मानवतो, आणि दोन-चार वर्षांत शेजारची झाडे भोक बुजवतात. शेजारशेजारची सहा-सात झाडे एकदम काढली तर गणित बदलते. तिथे तरोटा, रानतुळस आणि टणटणी (घाणेरी) यांना हवे तसे ऊन मिळते. म्हणून कागदावर झाडांची संख्या तीच असली तरी ती विखरून काढली की एका घोळक्यात, हे पाहावे लागते.

लाकूड ओढणे हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे, आणि सर्वांत घातकही. गडचिरोलीतल्या आलापल्ली भागात पूर्वी हे काम वनखात्याचे हत्ती करीत. कमलापूरचा हत्तीकॅम्प ही त्या काळाची खूण. बैल किंवा रेडे ओंडका ओढतात तेव्हा वरची पाने आणि दोन-तीन सेंटिमीटर माती खरवडली जाते. ट्रॅक्टर गेला की माती दबते. मोकळ्या जंगल-मातीची घनता घनसेंटिमीटरला साधारण 1 ते 1.3 ग्रॅम असते. पोयट्याच्या मातीत ती 1.6 च्या पुढे गेली की बारीक मुळांना वाट काढणे जड जाते; चिकण काळ्या मातीत ही वेळ त्याच्याही आधी येते. बरीचशी माती चाकांच्या पहिल्या काही फेऱ्यांतच दबून जाते. म्हणून ‘दरवेळी वेगळ्या वाटेने गेलो तर जमिनीला त्रास कमी’ हा समज उलटा आहे. ठरलेल्याच वाटा वापरून त्या पार खराब होऊ द्याव्यात आणि बाकीची जमीन वाचवावी. 3 मीटर रुंदीच्या वाटा 50 मीटर अंतराने समांतर आखल्या तर कुपाची 6 टक्के जमीन त्यात जाते. आखणी न करता ज्याला जिथून जमेल तिथून ओढू दिले, तर किती गेली हे मोजायलाही कोणी जात नाही.

वेळेचेही तसेच. ऑक्टोबरात माती अजून ओली असते. एक सोपी परीक्षा अशी: दहा सेंटिमीटर खोलवरची चिमूटभर माती तळहातावर वळून पाहावी. तीन मिलिमीटर जाडीची दोरी न तुटता वळली गेली तर त्या जमिनीवर ट्रॅक्टर नेऊ नये, ती दाबली जाणारच. दुसरे टोक मे महिन्याचे. वळवाच्या सरी पडल्या की कंदांना कोंब फुटू लागतात, आणि मार्चमध्ये न उचललेला माल तेव्हा ओढला तर नुकताच फुटलेला कोंब मोडतो. कंदात साठवलेले अन्न त्या कोंबावर खर्च झालेले असते. दुसरा कोंब आलाच तरी त्या वर्षी फूल येईलच असे नाही. डिसेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत तोड आणि वाहतूक दोन्ही संपवणे जमिनीच्या दृष्टीने सर्वांत बरे.

आता सरसकट तोड. महाराष्ट्र वनविकास महामंडळ 1974 मध्ये स्थापन झाले ते मिश्र, कमी उत्पन्नाच्या जंगलांच्या जागी सागाची लागवड उभी करण्याच्या धोरणातून. या पद्धतीत क्षेत्र पूर्ण मोकळे करतात, उरलेल्या फांद्या-पाला जाळतात आणि पावसाच्या तोंडावर सागजड्या (रोपांची छाटलेली खोड-मुळे) लावतात. 2 बाय 2 मीटर अंतराने हेक्टरी 2,500. जाळण्यामागे वनसंवर्धनाचा तर्क आहे: राखेने जमिनीला क्षार मिळतात, तण दबते, कोवळ्या सागाची वाढ जोमाने होते. पण जाळण्या-जाळण्यात फरक आहे. पाचोळ्यावरून झरझर जाणारी आग तीन-चार सेंटिमीटरखालच्या मातीला फारशी तापवत नाही; काळी मुसळी अशा आगीतून सहज तरते. फांद्यांचे ढीग रचून पेटवले की एकाच जागी तासन्‌तास निखारे राहतात, ढिगाखालची माती खोलवर भाजते आणि त्यात कंद व बिया दोन्ही जातात. पुढच्या पावसाळ्यात त्या काळ्या वर्तुळात आधी उगवते ते बाहेरून आलेले बी. ढीग लहान आणि विखुरलेले ठेवणे, किंवा बारीक फांद्या न जाळता पसरून कुजू देणे, एवढ्यानेही बराच फरक पडतो.

नंतर निंदणी येते. पहिल्या वर्षी साधारण तीन, दुसऱ्या वर्षी दोन, तिसऱ्या वर्षी एक. मजुराच्या खुरप्याला मुसळी आणि तरोटा सारखाच. पुढे चार-सहा वर्षांत सागाचे डेरे एकमेकांना भिडतात आणि नेमक्या पावसाळ्यात खाली दाट सावली पडते. वर सागाच्या रुंद पानावर पावसाचे थेंब एकत्र होऊन मोठे होतात, आणि आठ-दहा मीटरवरून पडताना त्यांना जवळजवळ पूर्ण वेग येतो. खाली गवत-झुडपांचा थर नसेल तर हे थेंब माती उडवतात, आणि सागाखाली ओघळ पडतात. पावसापासून जमीन वाचवायला झाड पुरे, असे मानणाऱ्याने दाट सागलागवडीत भर पावसात उभे राहून पाहावे. विरळणी, म्हणजे मधली काही झाडे काढणे, लांबली की ही अवस्था लांबते. वेळेवर केली तर गवत आणि झुडपे परत येतात, मात्र आसपास जुने जंगल शिल्लक असेल तरच, कारण कंदवर्गीय वनस्पती लांबवर पसरत नाहीत. नैसर्गिक जंगल मोकळे करून तिथे लागवड करायला वन संवर्धन कायद्याच्या 1988 च्या दुरुस्तीपासून केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. तरी आधी झालेल्या लागवडी उभ्याच आहेत.

खुंटाच्या फुटव्यावर वाढवलेले जंगल यात मधले. खुंट जमिनीपासून 15 सेंटिमीटरच्या आत, तिरपा छाट देऊन, साल न फाडता कापला तर साग जोरात फुटतो. माती हलत नाही, सावली लवकर परतते. खालच्या थराला ही पद्धत बरीच सोसते.

निवडक तोडीत एक खोट मात्र आहे, आणि ती तोडीत नसून ‘सुधारणे’त आहे. वेली कापणे, ‘निरुपयोगी’ झुडपे छाटणे हा कामाचाच भाग समजला जातो. पळसवेल, माहुल, मुरुडशेंग, धायटी यांवर कोयता चालतो तेव्हा आमरी-मुसळीला मिळणारा ओलावा आणि आडोसाही जातो.

तोडीनंतर विविधता मोजताना फसगत ठरलेली. दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात जातींची यादी बहुतेकदा वाढलेली निघते, कारण जंगलातल्या जाती अजून तग धरून असतात आणि उघड्यावरच्या नव्याने आलेल्या असतात. दोन चौकटी (मोजणीसाठी आखलेले तुकडे) घ्या, दोन्हींत दहा जाती. एकीत सगळ्यांचा वाटा सारखा. जातींची संख्या आणि त्यांचा वाटा दोन्ही धरणारा शॅनन निर्देशांक 2.30. दुसरीत तरोटा 91 टक्के आणि बाकी नऊ जाती एकेक टक्का; निर्देशांक 0.50, म्हणजे व्यवहारात दोन जातींचीही विविधता नाही. म्हणून नुसती यादी करू नये, आच्छादनाची टक्केवारीही लिहावी, आणि जंगलातल्या जाती व मोकळ्या रानातल्या जाती वेगळ्या मोजाव्यात. छोट्या वनस्पतींसाठी 1 बाय 1 मीटर, झुडपांसाठी 3 बाय 3 मीटर चौकट पुरते. मोजणी दोनदा हवी: जुलै-ऑगस्टमध्ये कंदवर्गीयांसाठी, ऑक्टोबरमध्ये गवतांसाठी. हिवाळ्यातल्या एकाच मोजणीवर काढलेला निष्कर्ष कचऱ्यात टाकण्याच्या लायकीचा. तुलनेला न तोडलेला तुकडाही लागतो. आलापल्लीजवळ सुमारे सहा हेक्टरचे जुने जंगल राखलेले आहे, 2014 मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला; अशी जागा प्रत्येक वनविभागात असायला हवी.

कुपात टणटणी शिरलीच, तर वरून छाटून उपयोग नाही, ती खालून दुप्पट फुटते. सी. आर. बाबू आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये मांडलेली पद्धत अशी: मुख्य मूळ जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर कुदळीने तोडायचे आणि झुडूप मुळ्या वर करून उलटे ठेवायचे. संपूर्ण जमीन उकरायची गरज पडत नाही, त्यामुळे शेजारचे कंद शाबूत राहतात. काम फळे पिकण्याआधी उरकावे. नंतरचे दोन-तीन पावसाळे, पक्षी जिथे बसतात त्या झाडांखाली उगवलेली रोपे हाताने उपटत राहावी लागतात. बहुतेक ठिकाणी पैसा पहिल्याच वर्षी संपतो आणि टणटणी परतते ती याच झाडांखालून.