पार्श्वभूमी : पानांमधला ‘कचरा’

मोहरीचा अख्खा दाणा हुंगला तर फारसा वास येत नाही. तोच दाताखाली चिरडा, की झणका थेट नाकात जातो. ते तिखट रसायन दाण्यात आधीपासून नसतंच. ग्लुकोसिनोलेट हा त्याचा कच्चा माल एका कप्प्यात, त्याला फोडणारं मायरोसिनेज हे विकर दुसऱ्या कप्प्यात. दोघांची गाठ पडते ती चावणाऱ्याच्या तोंडात.

अशी व्यवस्था उगाच होत नाही, हे विज्ञानाच्या गळी उतरायला मात्र फार वेळ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रसायनशास्त्रज्ञ पदार्थ वेगळे काढण्यात गुंतले होते : अफूतून मॉर्फीन, १८१९मध्ये कॉफीच्या बियांतून कॅफीन, १८२०मध्ये सिंकोनाच्या सालीतून क्विनीन. झाडाला त्यांचा उपयोग काय, हा प्रश्न मागेच राहिला. १८९१मध्ये जीवरसायनशास्त्रज्ञ आल्ब्रेख्त कोसेल यांनी पेशींच्या रसायनांची विभागणी केली : जी प्रत्येक पेशीला लागतात ती प्राथमिक, बाकीची दुय्यम. ‘दुय्यम’ हा शब्द चिकटला आणि, माझ्या मते, त्याने नुकसानच केलं. पुढची कित्येक दशकं ही रसायनं म्हणजे चयापचयाची अडगळ, असाच समज होता. वास्तविक वनस्पतिशास्त्रज्ञ एर्न्स्ट स्टाल यांनी १८८८मध्येच गोगलगायींवर प्रयोग करून ती संरक्षणासाठी असल्याचं मांडलं होतं. ते विस्मरणात गेलं. १९५९मध्ये कीटकशास्त्रज्ञ गॉटफ्रीड फ्रेंकेल यांनी तोच मुद्दा कीटकांच्या बाजूने पुन्हा ठासून मांडला.

१९६४मध्ये जीवशास्त्रज्ञ पॉल अर्लिक आणि पीटर रेव्हन यांनी कोणत्या फुलपाखरांच्या अळ्या कोणत्या झाडांवर वाढतात, याची जंत्री तपासली. नात्यातली फुलपाखरं रसायनांच्या दृष्टीने नात्यातल्या झाडांवर सापडत होती. झाडाने नवं विष काढायचं, कीटकाने त्यावर तोड शोधायची, असा हा कोट्यवधी वर्षांचा सामना. कोबी मोहरीच्याच कुळातला; त्यावरच्या पांढऱ्या फुलपाखराच्या अळीकडे ही तोड आजही पाहता येते : तिच्या आतड्यातलं एक प्रथिन मोहरीकुळाची ती अभिक्रिया वाटेतच वळवतं आणि तिखट रसायनाऐवजी नायट्राइल नावाचं कमी घातक रसायन तयार होतं.

नवं रसायन येतं कुठून? बहुधा जनुकाची जादा प्रत तयार होते. एक प्रत जुनं काम सांभाळते, दुसरी नवं काम करून बघायला मोकळी असते. कॉफी आणि चहा यांना तर कॅफीन बनवण्याची हातोटी स्वतंत्रपणे साधली.

पण कुठलं झाड कोणतं रसायन बनवतं, याला शत्रू एवढंच कारण नाही, जागाही बोलते. पांढरा क्लोव्हर या चाऱ्याच्या वनस्पतीची काही रोपं पान चुरगळल्यावर सायनाइड सोडतात, काही नाही. १९५४मध्ये डॅडे यांनी युरोपभरच्या नोंदी मांडल्या, तेव्हा सौम्य हिवाळ्याच्या नैर्ऋत्येकडे विषारी रोपं जास्त आणि कडक थंडीच्या ईशान्येकडे कमी, असा उतार दिसला. दक्षिण फ्रान्समधल्या सँ-मार्तँ-द-लोंद्र भागात थाइम या झुडपाचा खेळ आणखी बारीक आहे. थंड हवा साचणाऱ्या खोलगट जागी वेगळ्या वासाची झुडपं, आणि काही किलोमीटरवरच्या कोरड्या उतारांवर थायमॉलवाली, म्हणजे ओव्यासारख्या उग्र वासाची. थायमॉलवाल्यांना कडाक्याची थंडी सोसत नाही. १९७०च्या दशकानंतर तिथल्या हिवाळ्यांतली टोकाची थंडी ओसरली. पुढे पुन्हा पाहणी झाली तेव्हा, पूर्वी जिथे ती नव्हती अशा काही खोलगट जागीही थायमॉलवाली झुडपं उगवलेली सापडली.