पवनचक्क्या पाऊस पळवतात? नाही

साताऱ्यात चाळकेवाडी, वनकुसवडे पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि २००३ च्या आसपास दुष्काळ पडला. तेव्हापासून ‘पात्यांनी ढग हाकलले’ ही समजूत अनेक गावांत टिकून आहे.

पवनचक्की जमिनीलगतच्या वाऱ्यातली थोडी ऊर्जा घेते. त्यामुळे आसपासची हवा किंचित ढवळते, एवढाच परिणाम. पावसाचे ढग कित्येक किलोमीटर उंच वाढतात. त्यांना बाष्प पुरवणारा मोसमी वारा अरबी समुद्रावरून येतो. जुलैत चाळकेवाडीला पाती ढगात बुडालेली असतात आणि तिथेच धो धो पाऊस कोसळतो!

साताऱ्याच्या पूर्वेकडचे माण-खटाव तालुके कोरडे आहेत ते सह्याद्रीमुळे. घाटमाथ्यावर पाऊस ओतून झाला की पूर्वेला उतरणाऱ्या हवेत ओल कमी उरते. १९७२ च्या दुष्काळात इथे एकही पवनचक्की नव्हती.

उलट काळजी वेगळीच आहे. हिंदी महासागर तापल्याने भारतातली पवनऊर्जेची क्षमता १९८० पासून घटत आल्याचं २०१८ च्या एका अभ्यासात दिसलं. म्हणजे हवामानबदलाची झळ पवनचक्क्यांनाच बसते आहे.

जमिनीचा मोबदला, डोंगर फोडून केलेले रस्ते यांवरचा गावकऱ्यांचा राग मात्र खरा आहे. त्याची दाद त्याच मुद्द्यांवर लागायला हवी.