ऑफिसचा कोड ओपन सोर्स (सगळ्यांना वापरायला खुला) करायचाय? परवानगीचा अर्ज नेमका कुठे अडकतो

पगारी नोकरीत कामाचा भाग म्हणून लिहिलेला कोड कंपनीच्या मालकीचा असतो. वेगळा करार नसेल तर कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ हेच सांगतं. कलम ३० प्रमाणे परवाना मालकाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने लेखी द्यायचा. म्हणजे मॅनेजर टपरीवर चहा पिताना 'टाक की, काय होतंय' म्हणाला, ही परवानगी नव्हे. मेलला उत्तर आलं नाही, हीसुद्धा नव्हे. सही कोणाची चालते, हे आधी लीगलला, म्हणजे कंपनीच्या कायदा विभागाला विचारा.

सर्व्हिस कंपनीत गाठ आणखी घट्ट. तिथे कोड बहुधा क्लायंटचा असतो. हिंजवडीत बसून लिहिला म्हणून तो आपला होत नाही. क्लायंटबरोबरचा मूळ करार तुम्हाला कोणी दाखवणार नाही, मागून थकाल. त्यापेक्षा 'या प्रोजेक्टचा आयपी (बौद्धिक संपदेचा हक्क) कोणाकडे?' एवढाच प्रश्न मेलवर विचारा आणि उत्तर अर्जाला जोडा.

अर्जात प्रोजेक्टचं नाव, उपयोग, लायसन्स (कोणत्या अटींवर कोड खुला करणार) आणि पुढे देखभाल कोण करणार, हे लिहायचंच. 'काही इंटरनल टूल्स' असं मोघम लिहिलंत की अर्ज परत. रेपो (कोडचा साठा) आणि कमिट (त्यातली नोंदवलेली आवृत्ती) नेमका द्या. पण 'यापुढचे बगफिक्स व सुधारणा यांसह' हे शब्दही घाला, नाहीतर दर पॅचला नवा अर्ज. अपाची २.० हे लायसन्स मागत असाल तर त्यात पेटंटचा परवानाही जातो, म्हणून लीगल जास्त वेळ घेतं. ते रास्त आहे.

वापरलेल्या लायब्ररींची (इतरांनी लिहिलेल्या तयार कोडची) लायसन्ससकट यादी जोडा. जीपीएल लायसन्सचा कोड आत असेल (त्यावर आधारलेला कोड वाटायचा तर जीपीएलखालीच, अशी त्याची अट) आणि तुम्ही एमआयटी हे सैल अटींचं लायसन्स मागितलं असेल, तर तिथेच फाइल थांबते.

सर्वात जास्त घोळ गिटच्या (कोडचे सगळे बदल जपून ठेवणाऱ्या साधनाच्या) इतिहासात. पासवर्ड ताज्या कमिटमधून काढला तरी जुन्या कमिटमध्ये तो तसाच असतो, शिवाय क्लायंटचं नाव, आतल्या सर्व्हरचे पत्ते. अशी गुपितं शोधणारं गिटलीक्स हे साधन चालवा, उघडी पडलेली किल्ली (पासवर्ड वगैरे) नुसती पुसू नका, बदला. सोपा मार्ग म्हणजे इतिहास मागे ठेवून एकाच कमिटने नवा रेपो. कॉपीराइटच्या ओळीत मालकाचं नाव येतं, तुमचं नाही. वाईट वाटतं, पण इलाज नाही.

आणि राजीनामा द्यायच्या बेतात असाल तर अर्ज आधी करा. नोटीस पिरियडमधल्या अर्जावर सही करायला कोणी धजत नाही.