विद्यापीठ इमारतींतील ऊर्जाबचत

विद्यापीठांच्या वापरातील जुन्या इमारतींत मोठा भांडवली खर्च न करता विजेचा वापर घटवण्याची पद्धत. ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ नुसार २००२ मध्ये केंद्रात ऊर्जा दक्षता ब्यूरो स्थापन झाला. महाराष्ट्रात या कायद्याची अंमलबजावणी पुण्याची महाऊर्जा ही संस्था पाहते. २००७ मध्ये आलेली ऊर्जा संवर्धन इमारत संहिता मुख्यतः नव्या बांधकामासाठी आहे. विद्यापीठांचे दुखणे जुन्या इमारतींचे.

काम वीजबिलापासून सुरू होते. राज्यात १ एप्रिल २०२० पासून उच्चदाब (मोठ्या भाराच्या) ग्राहकांना केव्हीएएच एककाने, म्हणजे केवळ कामी आलेल्या नव्हे तर ओढलेल्या एकूण विजेवर आकारणी होते. त्यामुळे पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला कामी येणारा वाटा) घसरला की काम तेवढेच होऊनही बिल फुगते, आणि हा फॅक्टर सुधारणारे कपॅसिटर निकामी झाल्यास ते बदलण्याचा किरकोळ खर्च लवकर वसूल होतो. करार मागणी (वीज कंपनीशी ठरवलेला कमाल भार) गरजेपेक्षा जास्त असल्यास ती कमी करून घेता येते. ही काटेकोरपणे ऊर्जाबचत नव्हे, पण पुढच्या कामांना पैसा यातूनच निघतो. दुसरी फुकटची तपासणी म्हणजे सुट्टीच्या दिवशी पहाटे मीटर वाचणे. इमारतीत कोणी नसताना काय चालू आहे, हे तेव्हाच कळते: वॉटर कूलर, पंप, संगणक प्रयोगशाळेतला एसी.

उपकरणे बदलताना वॅटपेक्षा तास महत्त्वाचे. साधा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित मोटरचा) पंखा सुमारे ३०. वर्षाला ६०० तास भरणाऱ्या वर्गात अशा एका पंख्याने २७ युनिट वाचतात. रोज १४ तास, ३०० दिवस उघड्या अभ्यासिकेत १८९. किंमत दोन्हीकडे तीच. तरीही सगळ्या इमारतीचे पंखे एकाच निविदेत बदलण्याचा मोह सुटत नाही. ट्यूबलाइट बदलण्यालाही हाच हिशेब लागू. एसीचे तापमान एका अंशाने वाढवल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ब्यूरो सांगतो. त्यासाठी दमडीही लागत नाही, भांडणे मात्र होतात. जाड दगडी भिंती, उंच छत आणि व्हरांडे असलेल्या इमारती मुळातच थंड. त्यांच्या खिडक्या बंद करून एसी बसवणे हा उलटा प्रवास आहे.

खरी गाठ लेखाशीर्षाची. पंख्याचा खर्च विभाग करतो आणि वाचलेले बिल मध्यवर्ती खात्यात विरते. मग विभागाने उत्साह का दाखवावा? यावरचा उपाय म्हणजे फिरता निधी: त्यातून कर्ज घ्यायचे, बचतीतून फेडायचे, तोच पैसा पुढच्या कामाला. हार्वर्ड विद्यापीठाचा असा निधी १.२ कोटी डॉलरपर्यंत वाढला. ब्रिटनमध्ये २००४ मध्ये स्थापन झालेल्या सॅलिक्स फायनान्सने विद्यापीठांसह सार्वजनिक संस्थांना बिनव्याजी कर्जे दिली. भारतात ‘एस्को’ (ऊर्जा सेवा कंपनी) हा पर्याय आहे. त्यात कंपनी आपल्या पैशाने उपकरणे बसवते आणि बचतीतला वाटा घेते. मात्र कामापूर्वीचा वापर इमारतनिहाय नोंदलेला नसेल, तर बचत किती झाली यावरच वाद होतो. म्हणून प्रत्येक इमारतीचे वेगळे सब-मीटर आधी बसवावे लागतात.