हाकार्लला येणारा वास कशाचा?
आइसलँडमधील स्नायफेल्सनेस द्वीपकल्पाच्या एकदिवसीय सहलीत ब्यार्नार्हॉप्नच्या शार्क संग्रहालयात ‘हाकार्ल’, म्हणजे ग्रीनलंड शार्कचे आंबवून वाळवलेले मांस, चाखता येते. मात्र हे मांस मूत्र टाकून मुरवतात, ही वर्षानुवर्षे सांगितली जाणारी गोष्ट खरी नाही. ग्रीनलंड शार्कच्या ताज्या मांसातच युरिया आणि ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड भरपूर असल्याने ते तसेच खाल्ल्यास विषबाधा होते. म्हणून पूर्वी ते वाळूखडीत पुरत. आता पेट्यांत काही आठवडे आंबवून पुढे काही महिने हवेशीर छपराखाली टांगतात, आणि या काळात जिवाणूंनी युरियाचे विघटन केल्यामुळे नाकाला झोंबणारा अमोनिया सुटतो. मूत्राचा भास होतो तो त्याचाच. वरची तपकिरी साल काढून आतला चीजसारखा इवलासा तुकडा काडीला टोचून देतात. पहिल्या घासाला नाक दाबून धरण्यात कमीपणा मुळीच नाही.